वेल्डवेझेल्टचा पूल आणि विमानातला तिसरा माणूस



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर गिरण्यांच्या जमिनींवर बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. ती चुकीची नाही. आमची सारी हयात त्यातच गेली. म्हणूनच आज आम्ही १९४० सालच्या एका बाँबफेकी विमानाची हकिगत सांगणार हे कळल्यावर व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला दोनदा विचारून घेतले, की विषय हाच ना? विषय हाच. आणि तो आमच्या धंद्याबाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे शिक्षण औद्योगिक न्यायालयाच्या निकालपत्रांवर झाले. एका हातात निकाल आणि दुसऱ्या हातात शब्दकोश, असे करीत करीत इंग्रजी वाचता येऊ लागले. त्यामुळे एक सवय जडली. कोणताही सरकारी कागद हाती आला, की त्यात काय लिहिले आहे याच्या आधी त्यात कोणाचे नाव लिहिलेले नाही हे आम्ही पाहतो. या सवयीमुळेच ब्रिटिश सरकारच्या राजपत्रातील ११ जून १९४० ची एक नोंद आमच्या मनात रुतून बसली. व्हिक्टोरिया क्रॉस हा त्यांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सला मिळालेले पहिले दोन व्हिक्टोरिया क्रॉस त्या नोंदीत आहेत. फ्लाइंग ऑफिसर डोनाल्ड गार्लंड आणि सार्जंट टॉमस ग्रे. दोघेही एकाच विमानात होते. दोघेही त्याच विमानात मेले. परंतु ते विमान तिघांचे होते.

तिसऱ्याचे नाव लॉरेन्स रेनॉल्ड्स. हुद्दा लीडिंग एअरक्राफ्टमन, म्हणजे अगदी खालच्या पायरीपासून एक-दोन पायऱ्या वर. वय २०. काम बिनतारी यंत्र चालविणे आणि विमानाच्या पाठीमागच्या बाजूची बंदूक चालविणे. त्याला शौर्यपदक मिळाले नाही.

आता हकिगत सांगतो.

१० मे १९४० रोजी, शुक्रवारी पहाटे, जर्मनीने हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या देशांवर एकाच वेळी चाल केली. हॉलंडचे मास्ट्रिख्ट हे शहर म्हणजे बेल्जियमचे दार. शहराच्या पश्चिमेस आल्बर्ट कालवा आहे. कालवा रुंद, काठ उंच आणि उभे. बेल्जियमने आपली संरक्षणरेषा या कालव्यावर बांधली होती. त्यावरील पूल वेळ येताच उडवून द्यावयाचे, अशी योजना होती आणि सुरुंगही पेरलेले होते. परंतु जर्मनांनी इंजिन नसलेली, आवाज न करणारी ग्लायडर विमाने पहाटेच्या अंधारात पुलांजवळ उतरविली. कान येथील पूल बेल्जियन सैनिकांनी उडविला. वेल्डवेझेल्ट आणि व्ह्रूनहोवेन येथील दोन पूल मात्र शाबूत शत्रूच्या हाती पडले. या पुलांवर तोफा रोखून बसलेला एबन-एमाएलचा किल्ला अभेद्य समजला जात होता. तोही असाच छपरावर उतरलेल्या मूठभर सैनिकांनी निकामी केला आणि ११ तारखेस तो शरण गेला. मग या दोन पुलांवरून जर्मन चिलखती गाड्यांची रांग बेल्जियमच्या सपाट मैदानात उतरू लागली.

पूल उडविण्याचा पहिला प्रयत्न बेल्जियमच्याच हवाई दलाने ११ तारखेस केला. त्यांच्या ९ विमानांपैकी ६ पडली. पूल पडले नाहीत. ही ९ विमाने ज्या जातीची होती त्याच जातीची विमाने दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी पाठविली. म्हणून त्या विमानाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे.

त्याचे नाव फेअरी बॅटल. एकच इंजिन आणि आत तीन माणसे. पुढे वैमानिक. मध्ये निरीक्षक, म्हणजे नकाशा पाहून वाट दाखविणारा आणि बाँबचा नेम धरणारा. मागे उघड्या भोकातून एक हलकी बंदूक घेऊन बसलेला गनर, तोच बिनतारी यंत्रवालाही. निरीक्षकाला नेम धरण्यासाठी वैमानिकाच्या पायाखाली पोटावर पालथे पडून जमिनीतल्या झडपेतून पाहावे लागे, आणि समोरून इंजिनाची गरम हवा तोंडावर येई. हे विमान पहिल्यांदा उडाले मार्च १९३६ मध्ये. तेव्हा ते नवे होते, देखणे होते आणि जुन्या दुपंखी विमानांपेक्षा वेगवान होते. परंतु विमानाच्या धंद्यात चार वर्षे म्हणजे एक पिढी. त्याला बसविलेले रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन तेच, जे हरिकेन या लढाऊ विमानाला होते. मात्र बॅटलला त्या एका इंजिनावर हरिकेनच्या दीडपटीहून अधिक वजन ओढावे लागे. तीन माणसे आणि एक हजार पौंड बाँब घेऊन ते ताशी अडीचशे मैलांच्या आसपास जेमतेम पोचे. जर्मन मेसरश्मिट त्याहून ताशी सुमारे शंभर मैलांनी जलद. बॅटलच्या पंखात पुढे रोखलेली एक बंदूक आणि मागे रेनॉल्ड्ससारख्या पोराच्या हातात एक, एवढेच शस्त्र. पोटाखालून कोणी आला तर त्याला अडविण्यास काहीच नाही. पेट्रोलच्या टाक्यांना गोळी लागली तर छिद्र आपोआप बुजेल असे आवरणही नाही.

हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. ३० सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाला महिना होण्याच्या आतच, पाच बॅटल विमानांची एक तुकडी टेहळणीला गेली असता मेसरश्मिटांनी गाठली आणि पाचांपैकी चार पाडली. म्हणजे धडा मिळालेला होता, आणि सात महिने आधी मिळालेला होता.

मग ती विमाने का वापरली? दुसरी नव्हती, हे एक उत्तर. आणि ते खोटे नाही. दुसरे उत्तर आमच्यासारख्याला जरा खुपणारे आहे. बॅटल विमाने दोन ठिकाणी बनत: फेअरी कंपनीच्या स्टॉकपोर्टजवळच्या कारखान्यात आणि ऑस्टिन मोटार कंपनीच्या लाँगब्रिज येथील कारखान्यात. दोन हजारांहून अधिक विमाने तयार झाली. हे विमान आता उपयोगाचे नाही हे कळल्यानंतरही कारखाने ते काढीतच राहिले, कारण नव्या विमानाचे साचे आणि आराखडे तयार होईपर्यंत शिकलेली माणसे आणि उभी केलेली यंत्रे रिकामी ठेवणे सरकारला परवडणारे नव्हते. येथे आमचीच जीभ अडखळते. कारखाना बंद पडू नये, माणूस घरी बसू नये, हे म्हणणारे आम्हीच असतो. साचा बदलेपर्यंत जुनाच माल काढा पण पाळी चालू ठेवा, हे आम्ही व्यवस्थापकांच्या टेबलावर मूठ आपटून कितीतरी वेळा म्हटलेले आहे. तो जुना माल पुढे कोणाच्या वाट्याला जातो हा प्रश्न त्या टेबलावर कोणी काढीत नाही. आम्हीही काढला नाही.

ब्रिटन युद्धात उतरण्याच्या आदल्या दिवशी, २ सप्टेंबर १९३९ रोजी, या विमानांच्या दहा तुकड्या फ्रान्सला रवाना झाल्या. त्यांतली एक, बारा क्रमांकाची, आमिफोंतेन नावाच्या खेड्याजवळच्या तळावर होती. १० मे रोजी जर्मन फौजांच्या रांगांवर एकूण ३२ बॅटल धाडली गेली. १३ परत आली नाहीत आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाला गोळ्यांनी भोके पडलेली होती. ११ तारखेस आठ गेली, एक परतले. १२ तारखेच्या पहाटे दुसऱ्या जातीची, म्हणजे ब्लेनहाइम जातीची नऊ विमाने मास्ट्रिख्टकडच्या रस्त्यावर गेली, सात पडली. आकडे वाचताना कंटाळू नका. गिरणीतला अपघात एकदा घडतो तेव्हा तो अपघात असतो. तोच तिसऱ्या दिवशी, त्याच सांच्यावर, त्याच पद्धतीने घडतो तेव्हा त्याला काय म्हणावे, यावर आम्ही न्यायालयात पुष्कळ भांडलो आहोत.

फ्रान्समधील ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल बॅरट यांना हे सारे दिसत होते. तथापि पूल उडविलेच पाहिजेत असा वरून आणि फ्रेंचांकडून तगादा होता. तेव्हा त्यांनी ठरविले, की हे काम हुकूम म्हणून सांगावयाचे नाही. स्वेच्छेने येतील त्यांनाच पाठवावयाचे. १२ मे, रविवारची सकाळ. बारा क्रमांकाच्या तुकडीतील वैमानिक, निरीक्षक आणि गनर यांना विचारण्यात आले, आणि सारीच्या सारी तुकडी पुढे आली. शेवटी पाळीवर ज्यांची नावे आधीच लागलेली होती तेच सहा चमू निवडले गेले.

स्वेच्छा हा शब्द आम्हांला चांगलाच परिचयाचा आहे. जादा कामही स्वेच्छेनेच असते. परंतु येथे थट्टा करणे बरे नव्हे. कोणीही मागे राहू शकला असता आणि कोणीही राहिला नाही, एवढे निर्विवाद आहे. आणि पुढे आलेल्यांत अधिकारी होते तसे साधे एअरक्राफ्टमनही होते, हेही तितकेच निर्विवाद आहे. रेनॉल्ड्स पुढे आला तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन गार्लंडच्या पायाखालच्या जमिनीहून वेगळी नव्हती.

सहा विमानांपैकी एक बिघाडामुळे जमिनीवरच राहिले. पाच उडाली, म्हणजे पंधरा माणसे. दोन विमाने व्ह्रूनहोवेनच्या पुलाकडे, फ्लाइंग ऑफिसर टॉमस यांच्या हाताखाली. तीन वेल्डवेझेल्टकडे, गार्लंडच्या हाताखाली. निघण्यापूर्वी या दोघांत थोडा वाद झाला. टॉमसचे म्हणणे, उंचावरून यावे आणि पुलावर सूर मारावा. गार्लंडचे म्हणणे, ढगांच्या खालून, जमिनीला लागून जावे. दोघेही आपापल्या मताप्रमाणे गेले. बाँब अकरा सेकंदांनी फुटतील असे लावलेले होते, म्हणजे खाली उडणारे विमान आपल्याच बाँबच्या तडाख्यात सापडू नये.

पुलांभोवती जर्मनांनी दोन दिवसांत विमानविरोधी तोफांची कडी रचली होती. पकडल्या गेलेल्या एका वैमानिकाला एका जर्मन अधिकाऱ्याने काय ऐकविले ती हकिगत पुढे पुष्कळ ठिकाणी छापून आली. तिचा मतलब असा, की तुम्ही इंग्रज वेडे आहात; पूल आम्ही शुक्रवारी घेतला, तोफा मांडण्यास तुम्ही आम्हांला शुक्रवार आणि शनिवार दिलात, आणि सारी सिद्धता झाल्यावर रविवारी तीन विमाने घेऊन आलात. यात बढाई असेल, पण हिशेब चुकीचा नाही.

संरक्षणासाठी हरिकेन विमानांची एक तुकडी पुढे गेली होती. तिला वर मेसरश्मिटांनी गुंतवून ठेवले. टॉमसचे विमान पडले आणि तो आपल्या दोन्ही साथीदारांसह कैद झाला. त्याच्या जोडीचे विमान पायलट ऑफिसर डेव्ही याचे. ते पेटले तेव्हा त्याने निरीक्षकाला आणि गनरला छत्रीने उडी घेण्यास सांगितले आणि स्वतः मोडके विमान कसेबसे आपल्या बाजूला आणून उतरविले. त्याचा निरीक्षक सुटून परत आला, गनर पकडला गेला. गार्लंडच्या तीन विमानांपैकी मॅकिंटॉशचे विमान पुलापाशी पोचतानाच पेटले. त्याने ते जमिनीवर टेकविले आणि तिघेही कैद झाले. सार्जंट मारलंडचे विमान पडले आणि तिघेही ठार झाले. गार्लंडचे विमान, पी २२०४ क्रमांकाचे, पुलावर बाँब टाकून पडले. गार्लंड, ग्रे, रेनॉल्ड्स, तिघेही ठार.

पंधरांपैकी सहा मेले, सात कैद झाले, दोन परत आले. पाचही विमाने गेली. वेल्डवेझेल्टच्या पुलाच्या पश्चिम टोकाचे नुकसान झाले. व्ह्रूनहोवेनचा पूल उभा राहिला. जर्मन सैन्याची वाट थांबली नाही; मास्ट्रिख्ट येथे त्यांनी नावांचे पूलही बांधलेले होते. आणि सर्वांत क्रूर गोष्ट ही, की जर्मनांचा मुख्य घाव येथे नव्हताच. तो दक्षिणेस आर्देनच्या जंगलातून सेदानवर येत होता. १३ तारखेस त्यांनी तेथे नदी ओलांडली. १४ तारखेस दुपारी तेथील पुलांवर ७१ ब्रिटिश विमाने पाठविली गेली आणि त्यांतील ४० परतली नाहीत. १० तारखेस फ्रान्समधील त्या बाँबफेकी दलात १३५ विमाने उडण्याजोगी होती. १२ तारखेच्या रात्री ७२ राहिली होती. तेव्हा लंडनहून बॅरट यांना तार गेली, की या गतीने नुकसान होत राहिले तर पुढे लढण्यास काही उरणार नाही. त्या तारेनंतर दोन दिवसांनी सेदान झाले.

आता त्या तिघांकडे वळू.

गार्लंड हा आयर्लंडमधील विकलो परगण्यात जन्मलेला, वय २१. त्याला तीन भाऊ होते. चौघेही हवाई दलात गेले आणि युद्ध संपेपर्यंत चौघेही मृत्यू पावले. त्या आईबापांविषयी आम्ही काय बोलावे?

ग्रे हा विल्टशरमधल्या अर्चफाँट या खेड्यातला. २६ वा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. आमचे मन याच्यापाशी जरा अधिक रेंगाळते, कारण हा आमच्यातला माणूस. १९२९ साली, पंधराव्या वर्षी, तो हाल्टनच्या हवाई दलाच्या शाळेत उमेदवार म्हणून भरती झाला आणि इंजिनाचा फिटर होऊन बाहेर पडला. हातोडी-पाना सोडून तो निरीक्षक झाला, सार्जंट झाला. त्याच्या सन्मानपत्रात असे म्हटले आहे, की त्याने अत्यंत बिकट परिस्थितीत अशी अचूक वाट दाखविली, की साऱ्या तुकडीला लक्ष्यावर हल्ला करता आला. एका फिटरला सर्वोच्च सन्मान मिळाला याचा आम्हांला मनापासून आनंद आहे आणि तो आम्ही लपवीत नाही.

रेनॉल्ड्ससारख्या गनरची स्थिती मात्र निराळी होती. युद्धापूर्वी ब्रिटिश हवाई दलात गनर हा स्वतंत्र धंदाच नव्हता. जमिनीवर बिनतारी यंत्र दुरुस्त करणारा किंवा इंजिन जोडणारा माणूस वेळ पडेल तेव्हा विमानात बसे, बंदूक चालवी, आणि खाली उतरून पुन्हा आपल्या कामाला लागे. त्याबद्दल त्याला रोज काही पेन्स जादा मिळत. त्याच्या छातीवर लावण्यास गनरचे चिन्ह निघाले ते डिसेंबर १९३९ मध्ये. भोजनाचाही रिवाज सांगतो. अधिकाऱ्यांची खानावळ वेगळी, सार्जंटांची वेगळी, बाकीच्या माणसांची वेगळी. म्हणजे एका विमानातले हे तिघे एका डब्यात बसून मरणाकडे जात, पण आदल्या रात्रीचे जेवण तीन ठिकाणी घेत.

२७ मे १९४० पासून हवाई दलाने ठरविले, की विमानात बसून लढणाऱ्या प्रत्येकाला निदान सार्जंटचा हुद्दा असावा. रेनॉल्ड्सला मरून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. राजपत्रातील नोंद त्यानंतर पंधरा दिवसांनी निघाली.

त्याला क्रॉस का दिला नाही? पुढे याचे कारण असे सांगितले गेले, की गनर हा निर्णय घेणाऱ्यांपैकी नव्हता. वैमानिकाने विमान नेले, निरीक्षकाने वाट दाखविली, गनर नुसता बरोबर होता. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले, कारण हे वाक्य आम्ही यापूर्वी ऐकलेले होते.

एका कारखान्यात बॉयलरच्या खोलीत आग लागली. नाव सांगत नाही, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तिघेजण आत शिरले: बॉयलर अटेंडंट, फिटर, आणि एक हेल्पर. वाल्व्ह बंद झाला, खाते वाचले. पहिल्या दोघांना समारंभात शाल आणि प्रशस्तिपत्र मिळाले आणि त्यांची नावे फाटकाजवळच्या फळ्यावर चढली. हेल्परचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. तो कंत्राटदाराचा माणूस, कंपनीच्या मस्टरवर त्याचे नाव नाही. आम्ही विचारावयास गेलो. समोरचे गृहस्थ सभ्य होते, त्यांनी चहा मागविला आणि म्हणाले, “साहेब, त्याने काय केले? दोघांनी सांगितले तेवढे केले.” आम्हांला त्या वेळी उत्तर सुचले नाही. खोलीबाहेर आल्यावर सुचले. तो बाहेर पळाला असता तर त्याला कोणी काय म्हटले असते? काही नाही, कारण तो मस्टरवरच नव्हता. आणि तरी तो आत राहिला.

रेनॉल्ड्सचे तर याहून पुढचे होते. वैमानिकाच्या हातात निदान दांडा असतो. समोर काय येते ते त्याला दिसते, वळावे की जावे हे त्याच्या हाती असते. गनर पाठ करून बसतो. त्याला पूल दिसत नाही. आपण आलो कोठून एवढेच त्याला दिसते. दुसऱ्याच्या निर्णयावर आपला जीव सोडून देऊन बंदूक धरून बसणे याला धैर्य कमी लागते, हे कोणी ठरविले?

तथापि न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केवळ हुद्द्यामुळे हे झाले असे म्हटले तर ग्रे आडवा येतो. तो काही अधिकारी नव्हता. शिवाय मारलंड हा सार्जंट वैमानिक त्याच पुलावर मेला, त्याच्याबरोबर फुटनर आणि पेरिन मेले, आणि त्यांनाही क्रॉस नाही. मग आम्ही एकट्या रेनॉल्ड्सचीच तक्रार का मांडतो, असे कोणी विचारील. याचा उलगडा आम्हांला नियमांत सापडला. त्या काळी मेलेल्या माणसाला व्हिक्टोरिया क्रॉस देता येई, किंवा खलित्यात नुसता उल्लेख करता येई. मधली पदके जिवंतांसाठी होती. डेव्हीच्या विमानातला गनर पॅटरसन, कॅनडाचा, उडी घेऊन कैद झाला, त्याला डी.एफ.एम. हे पदक मिळाले, आणि ते योग्यच झाले. रेनॉल्ड्स जगला असता तर त्यालाही असेच काही मिळण्यास अडचण नव्हती. तो मेला, म्हणून त्याच्यासाठी एक तर सर्वांत वरची पायरी, नाही तर जवळजवळ काहीच नाही, एवढेच दोन पर्याय राहिले. आणि वरच्या पायरीवर एका विमानातून तिघांना चढवावयास कोणाचा तरी हात थबकला. दोघांपर्यंत आला आणि थबकला.

नियमच पाहावयाचे तर व्हिक्टोरिया क्रॉसचा १८५६ चा मूळ आज्ञालेख वाचण्यासारखा आहे. हुद्दा, दीर्घ नोकरी, जखमा, यांपैकी कशाचाही विचार न करता केवळ शौर्य पाहावे, असे त्यात स्पष्ट आहे. एवढेच नव्हे, तर एखाद्या तुकडीतील सर्वच सारखे शूर ठरले तर सन्मान कोणाला द्यावा हे त्या तुकडीने मतदान करून ठरवावे, अधिकाऱ्यांनी आपल्यातून आणि शिपायांनी आपल्यातून निवडावे, अशीही तरतूद आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, झेब्रुगच्या हल्ल्यानंतर ती वापरली गेली. शिपायांनी मतपत्रिकेने शूर निवडावा हे कोणा राणीच्या आज्ञालेखात असेल, असे आम्हांला स्वप्नातही वाटले नव्हते. आमिफोंतेनच्या तळावर असे मतदान कोणी घेतले नाही.

आणि खालच्या हुद्द्याला हा सन्मान मिळतच नाही असे म्हणता येत नाही, हे आपल्या लोकांना वेगळे सांगावयास नको. माणगावकडचे यशवंत घाडगे नाईक होते; १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशिनगनवर एकट्याने चालून जाऊन ते पडले, आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच मराठा पलटणीतील नामदेव जाधव नुसते शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतील कामगिरीबद्दल त्यांना तो मिळाला आणि ते जगले. खुद्द हवाई दलातही १५ सप्टेंबर १९४० रोजी जळत्या विमानात राहून आग विझविणारा जॉन हॅना हा बिनतारीवाला गनरच होता, वय १८, आणि त्याला क्रॉस मिळाला. तोपर्यंत गनर सार्जंट झालेले होते. आम्ही एवढेच निदर्शनास आणतो. यातून काय निघते ते आपण ठरवावे.

पुढे रॉयल एअर फोर्सने व्हीसी-टेन नावाची मोठी वाहतुकीची विमाने घेतली आणि त्यांना हवाई दलातील व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांची नावे दिली. एका विमानावर दोन नावे होती: डोनाल्ड गार्लंड आणि टॉमस ग्रे. पुष्कळ वर्षे ते विमान ती दोन नावे घेऊन जगभर हिंडले. या जातीची शेवटची विमाने २०१३ साली निवृत्त झाली.

आपल्या हेल्परचे काय झाले हे विचारण्यासाठी मघापासून पुढच्या रांगेतील एक गृहस्थ चुळबुळ करीत आहेत. सांगतो. फळ्यावर त्याचे नाव चढले नाही. आम्ही भरपाईचा दावा लावला, तो तीन वर्षे चालला आणि पैसे मिळाले. दाव्याच्या कागदात त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, सारे आहे. निकालपत्राची प्रत युनियनच्या कपाटात आहे. फळा त्या कारखान्याबरोबर गेला, कारखानाच आता नाही.

बेल्जियममध्ये लुव्हेन शहराजवळ हेव्हर्ली येथे युद्धात मेलेल्यांची दफनभूमी आहे. गार्लंड, ग्रे आणि रेनॉल्ड्स तिघेही तेथे आहेत. युद्धसमाध्यांच्या आयोगाने लावलेल्या शिळा तेथे सर्वांच्या सारख्याच असतात. अधिकाऱ्याची उंच आणि शिपायाची बुटकी असा प्रकार नाही, आणि हा नियम आयोगाने पहिल्या महायुद्धानंतर पुष्कळ विरोध सोसून टिकविला आहे. क्रॉस मिळालेल्यांच्या शिळेवर त्याचे चिन्ह कोरतात. बाकी शिळेवर नाव, हुद्दा आणि तारीख असते. तारीख तिघांची एकच आहे, १२ मे १९४०.